लँडस्केपच्या उमेदवारीत हात कसा बसतो

प्रश्न : मी लँडस्केप डिझाइनच्या शेवटच्या वर्षाला असून सहा महिन्यांच्या इंटर्नशिपपैकी दोन महिने पूर्ण झाले आहेत. कार्यालय लहान आहे आणि माणसे चांगली आहेत. पण माझ्याकडे येणारे काम म्हणजे बहुतेक वेळा आराखडे रंगवणे, झाडांची चिन्हे बसवणे आणि तयार डिटेल, म्हणजे बांधकामाचे बारकावे दाखवणारी ड्रॉइंग, एका फाइलमधून दुसऱ्या फाइलमध्ये आणणे. मी दिलेले ड्रॉइंग लाल खुणांनी भरून तीन-तीन वेळा परत येते. सोबतचा इंटर्न तेच काम निम्म्या वेळात संपवतो. आतापर्यंत साइटवर मी एकदाच गेले, तेही अर्ध्या तासासाठी. उरलेल्या चार महिन्यांत आणखी दोन सॉफ्टवेअर शिकावीत असा विचार आहे. त्याने वेग वाढेल का? प्रत्यक्ष कामाची कौशल्ये नेमकी कशी कमवायची?

उत्तर : तुम्ही जाता जाता लिहिलेल्या एका वाक्यापाशी मी थांबलो. साइटवर एकदाच जाणे झाले, तेही अर्ध्या तासासाठी. वेग, लाल खुणा आणि सॉफ्टवेअर या तिन्ही गोष्टींचे मूळ मला तेथे दिसते. आपण काढलेली रेषा जमिनीवर उमटताना ज्याने पाहिलेली नाही, त्याला त्या रेषेतले काय महत्त्वाचे आणि काय गौण हे ठरवता येत नाही. मग तो सगळ्याच गोष्टींवर सारखा वेळ घालवतो, आणि तरीही ज्या एका आकड्यावाचून मुकादमाचे काम अडणार असते नेमका तोच आकडा लिहायचा राहून जातो. म्हणून माझा सल्ला आधीच सांगतो. नवी सॉफ्टवेअर सध्या बाजूला ठेवा. कार्यालयात चालू असलेल्या कामांमधला एक लहानसा तुकडा निवडा, मग तो प्रवेशाजवळच्या पायऱ्यांचा असो, बसण्याच्या जागेचा असो किंवा लागवडीच्या एखाद्या वाफ्याचा, आणि मोजणीपासून तो बांधून पूर्ण होईपर्यंत त्याचा पाठपुरावा करा.

लाल खुणांविषयी प्रथम लिहितो, कारण त्यांनी तुमचे मन खट्टू झालेले दिसते. खुणा केलेला कागद दुरुस्तीनंतर फेकून देऊ नका. प्रत्येक खूण कोणत्या प्रकारची आहे ते एका वहीत लिहा : माप राहिले, पातळी राहिली, दोन ड्रॉइंगमध्ये मेळ नाही, रेषेची जाडी चुकली, वनस्पतीचे नाव अपुरे आहे, किंवा रचनेचा निर्णयच वरिष्ठांनी बदलला. यातला शेवटचा प्रकार तुमची चूक नसतो, आणि तो वेगळा काढला की उरलेल्या खुणांची संख्या बरीच खाली येते. तीन आठवडे अशी नोंद केली की आपल्या चुका शंभर असल्या तरी त्यांचे प्रकार मोजकेच आहेत, हे तुम्हांला दिसेल. त्या प्रकारांची तपासणी ड्रॉइंग हातावेगळे करण्यापूर्वी स्वतःच करायची. ही तपासणी पडद्यावर करू नका. ठरलेल्या प्रमाणात कागदावर छापून, हातात रंगीत पेन्सिल घेऊन, वाचलेल्या प्रत्येक आकड्यावर टिंब देत करा. पडद्यावर आपण सतत आत-बाहेर करत असल्यामुळे प्रमाणाचे भान सुटते. १:२०० च्या ड्रॉइंगवर १ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे २ मीटर, तेथे २.५ मिलिमीटर उंचीचे अक्षर हवे असेल, तर संगणकात मिलिमीटरमध्ये काढलेल्या मॉडेलमध्ये ते ५०० मिलिमीटर उंच लिहावे लागते. हा हिशोब ज्याच्या डोक्यात बसलेला नाही, त्याचा मजकूर कधी मुंगीएवढा येतो तर कधी झाडांवर पसरतो.

आता पातळ्यांकडे येतो. सगळ्यात जास्त वेळ यावर खर्च करा असे माझे आग्रहाचे सांगणे आहे, कारण विद्यार्थी ज्याला सर्वांत जास्त टाळतात आणि साइटवर ज्याच्यावाचून पान हलत नाही, तो हा विषय. माझ्या स्वतःच्या उमेदवारीतली एक चूक सांगतो. एका ओट्यापुढे मी तीन पायऱ्या काढल्या होत्या, कारण आराखड्यात तीन रेषा छान दिसत होत्या. ओटा आणि अंगण यांच्या पातळ्यांतला फरक ०.७५ मीटर होता आणि तो मोजणीच्या कागदावर लिहिलेलाही होता; मी तो वाचला नव्हता. गवंड्याने लाइनदोरी बांधली, टेप लावला आणि शांतपणे विचारले, की एकेक पायरी २५० मिलिमीटर उंच करायची आहे का. इतक्या उंच पायऱ्या वृद्ध माणसाने चढायच्या कशा, याचे उत्तर माझ्याकडे नव्हते. त्या दिवसापासून पायरी काढण्याआधी मी पातळीचा फरक लिहितो. पायरीच्या उंचीची दुप्पट अधिक पायरीची रुंदी ही बेरीज माणसाच्या एका पावलाएवढी, म्हणजे सुमारे ६०० ते ६५० मिलिमीटर यावी, हा नियम सतराव्या शतकातील फ्रेंच वास्तुतज्ज्ञ फ्रांस्वा ब्लाँदेल यांच्या नावाने ओळखला जातो. उघड्यावर चालताना पाऊल मोठे पडते, म्हणून बाहेरची पायरी आतल्यापेक्षा बुटकी आणि रुंद ठेवतात. ०.७५ मीटरचा फरक १५० मिलिमीटरच्या पाच उंचींमध्ये बसतो. वरचा ओटा हीच शेवटची पायरी धरली तर मध्ये ३५० मिलिमीटरच्या चार पायऱ्या येतात आणि आराखड्यात १.४ मीटर लांबी लागते. तोच फरक चाकाच्या खुर्चीसाठी १:१२ च्या उतारावरून पार करायचा तर ९ मीटर लांबी हवी, आणि वरखालच्या सपाट जागा वेगळ्या. म्हणजे पायऱ्या किती आणि उतार कोठून, हा निर्णय जागेची अर्धी रचना ठरवून टाकतो. तो शेवटी घेण्याजोगा नाही.

पातळी वाचण्याचा सराव रोज पंधरा मिनिटे पुरेल. कार्यालयातला कोणताही कॉन्टूरचा, म्हणजे समान उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषांचा, नकाशा घ्या, दोन रेषांमधले अंतर मोजपट्टीने मोजा आणि उतार काढा. कॉन्टूर उंचीत ०.५ मीटरच्या अंतराने असतील आणि १:२०० च्या कागदावर दोन रेषांत २५ मिलिमीटर असतील, तर जमिनीवर ५ मीटर चालल्यावर अर्धा मीटर चढ येतो, म्हणजे उतार १:१०. एवढ्या उतारावर बाक ठेवता येणार नाही, हिरवळ मात्र आरामात राहील; १:३ च्या पुढे गेला तर ती हिरवळ कापणाऱ्या माणसाचे हाल होतील. फरसबंदीला सपाट म्हणतो तरी तिला १:१०० ते १:५० एवढा उतार द्यावाच लागतो, नाहीतर पाणी तेथेच साचते. आणि उतार दिला की ते पाणी शेवटी कोठे जाणार, याचे उत्तर त्याच कागदावर दिसले पाहिजे. अस्तित्वातल्या कॉन्टूर तुटक आणि नियोजित कॉन्टूर अखंड काढण्याचा संकेत तुम्हांला माहीत असेल. त्यात नवशिक्यांकडून हमखास राहणारी गोष्ट अशी, की बदललेली प्रत्येक रेषा दोन्ही टोकांना त्याच उंचीच्या जुन्या रेषेला जाऊन मिळाली पाहिजे. ती मध्येच संपत असेल, तर तेथे भिंत हवी आहे किंवा चूक झाली आहे. जुन्या झाडाच्या घेराखाली तर नियोजित रेषा नेऊच नका. झाडाची बहुतेक मुळे वरच्या थरात पसरलेली असतात, आणि तेथे भराव टाकला की त्यांना हवा मिळेनाशी होऊन झाड हळूहळू, कित्येकदा काही वर्षांनी, जाते. तोपर्यंत दोष कोणाचा हे कोणाच्या लक्षातही राहत नाही.

पातळीच्या विचाराने केवढा मोठा प्रश्न सुटतो, याचे उदाहरण न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये आहे. फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड आणि कॅल्व्हर्ट वॉक्स यांनी १८५८ च्या स्पर्धेत दिलेल्या आराखड्यात उद्यान आडवे ओलांडणारे चार रस्ते जमिनीच्या पातळीखाली नेले, त्यामुळे शहराची वाहतूक चालू राहिली आणि उद्यानात फिरणाऱ्याच्या नजरेला ती आडवी आली नाही. वरून पाहिलेल्या आराखड्यातून ही युक्ती सुचत नाही. त्यासाठी छेद, म्हणजे जागा उभी कापल्यावर दिसेल तसे चित्र, काढावा लागतो. ओल्मस्टेड १८५७ पासून त्याच जागेवर कामाच्या देखरेखीसाठी नेमलेले होते, हेही तुम्ही लक्षात घ्यावे असे मला वाटते. जागा त्यांच्या पायाखालची होती.

साइटवर जायला मिळत नाही, ही तुमची अडचण खरी आहे. कोणी तुम्हांला बोलावण्याची वाट पाहू नका. मोजणीला निघालेल्या माणसाला टेपचे दुसरे टोक धरायला कोणीतरी लागतेच, तेव्हा ते मी धरते असे म्हणा. तेथे गेल्यावर मापे एका शून्यापासून सलग घ्या, कारण तुकड्यातुकड्याने घेतलेल्या मापांत प्रत्येक तुकड्याची चूक पुढच्यात मिळत जाते. चौकोनी वाटणाऱ्या जागेचे दोन्ही कर्ण मोजा. ते सारखे नसतील तर जागा गुण्यात नाही, आणि कार्यालयात बसून काढलेला काटकोन तेथे बसणार नाही. कोपरा गुण्यात घेण्यासाठी गवंडी तीन, चार आणि पाच या मापांचा त्रिकोण कसा धरतात ते पाहा आणि एकदा स्वतः करा. ऑटो लेव्हल, म्हणजे पातळ्या मोजण्याची तिपाईवरची दुर्बीण, वापरायला शिकायला एक सकाळ पुरते. ज्ञात उंचीच्या खुणेवर स्टाफ, म्हणजे मापे लिहिलेली उभी पट्टी, धरून घेतलेले वाचन त्या उंचीत मिळवायचे आणि पुढच्या ठिकाणचे वाचन त्यातून वजा करायचे : खूण १००.००० ची, तिच्यावरचे वाचन १.४५०, म्हणजे दुर्बिणीची उंची १०१.४५०, पुढच्या बिंदूवर वाचन १.८२० आले, तर त्याची पातळी ९९.६३०. उपकरणाला डोळा लावून असे दहा बिंदू तुम्ही घेतलेत, की कागदावरचे पातळ्यांचे आकडे तुम्हांला कधीच परके वाटणार नाहीत.

छायाचित्रे काढाल तेव्हा प्रत्येक कोठून आणि कोणत्या दिशेने घेतले, ते आराखड्यावर बाण आणि क्रमांक देऊन नोंदवा. चेंबरची झाकणे, त्यांच्या पातळ्या, भिंतीवरचे पाण्याचे डाग, कोणत्या बाजूला किती वेळ सावली असते, लोक वाट सोडून कोठून चालतात, या गोष्टी मोजणीच्या नकाशात सहसा नसतात. परवानगी असेल तर ३० सेंटिमीटर खोल खड्डा खणून पाण्याने भरा, ते जिरले की पुन्हा भरा आणि दुसऱ्या वेळी पाणी उतरायला किती वेळ लागतो ते पाहा; निचऱ्याबद्दल त्या खड्ड्याइतके स्पष्ट दुसरे कोणी सांगत नाही. त्याच दिवशी, कपडे बदलण्यापूर्वी म्हटले तरी चालेल, सगळ्या नोंदी स्वच्छ लिहून काढा. दुसऱ्या दिवशी आपलेच अक्षर आपल्याला लागत नाही.

झाडांची चिन्हे बसवण्याचे काम तुम्हांला कंटाळवाणे वाटते, असे तुमच्या शब्दांवरून जाणवले. हेच काम नीट केले तर त्यात भरपूर शिकण्यासारखे आहे. प्रत्येक वर्तुळाचा व्यास त्या झाडाच्या पूर्ण वाढीचा आहे की लागवडीच्या दिवसाचा, हे विचारा. दोन्ही एकाच ड्रॉइंगमध्ये मिसळलेले मी अनेकदा पाहिले आहे. मग संख्या स्वतः काढा. २४ चौरस मीटरच्या वाफ्यात ३०० मिलिमीटर अंतरावर रोपे लावायची आहेत असे समजा. चौकोनी मांडणीत दर चौरस मीटरला सुमारे ११ रोपे, म्हणजे एकूण २६७ लागतात. एकाआड एक सरकवलेल्या त्रिकोणी मांडणीत ओळी एकमेकींजवळ येतात, दर चौरस मीटरला जवळपास १३ रोपे बसतात आणि एकूण ३०८ लागतात. ४१ रोपांचा हा फरक फक्त मांडणीचा आहे, आणि ड्रॉइंगवर मांडणी लिहिली नसेल तर तो साइटवर भांडणाचे कारण होतो.

नावांच्या बाबतीत तर जराही सवलत घेऊ नका. आपल्या भाषेत सोनचाफा, देवचाफा, हिरवा चाफा आणि नागचाफा हे सगळे चाफेच; पण सोनचाफा मॅग्नोलियाच्या कुळातला मोठा वृक्ष आहे, देवचाफा म्हणजे फांदी मोडली की चीक गाळणारा प्लुमेरिया, आणि हिरवा चाफा तर आधारावर चढणारी वेल. यादीत नुसता चाफा लिहिला तर रोपवाटिकेतून यांपैकी काहीही येऊ शकते. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीयस यांनी १७५३ मध्ये वनस्पतींसाठी रूढ केलेली दोन शब्दांची शास्त्रीय नावे याच गोंधळावरचा उपाय आहेत, तेव्हा नाव, जात, कुंडीचा किंवा मुळांच्या गड्ड्याचा आकार, लागवडीच्या वेळची उंची, अंतर आणि संख्या यांतला एकही रकाना रिकामा ठेवू नका. रोपवाटिकेत जायची संधी मिळाली तर रोप कुंडीतून काढून मुळे पाहू द्या अशी विनंती करा. कुंडीच्या कडेने गोल गोल फिरलेली मुळे एकदा पाहिली की वरून तजेलदार दिसणारे रोप नाकारण्याचे धैर्य येते. आणि जे लागवडीचे डिटेल तुम्ही एका फाइलमधून दुसऱ्या फाइलमध्ये आणता, त्यात खड्डा गड्ड्याच्या दोन ते तीन पट रुंद आणि गड्ड्याइतकाच खोल का असतो, हे वरिष्ठांना विचारा. खोल खड्ड्यातली सैल माती खाली बसते, झाड तिच्याबरोबर खचते आणि खोडाचा मुळांजवळचा पसरट भाग मातीत गाडला जाऊन कुजू लागतो. कारण कळले की ते डिटेल तुमचे झाले.

कामाच्या पद्धतीबद्दल थोडक्यात. काम हातात घेताना चार गोष्टी विचारा : हे ड्रॉइंग कोण वाचणार आहे, कोणत्या प्रमाणात छापले जाणार आहे, काम कोणत्या टप्प्यावर आहे, आणि त्याला किती तास द्यायचे. ग्राहकाने पाहायचा आराखडा आणि कंत्राटदाराने खणायचा आराखडा यांवर सारखीच मेहनत घेणे हे वेळ वाया जाण्याचे सर्वांत मोठे कारण असते, आणि तुमचा सहकारी निम्म्या वेळात काम संपवतो तो कदाचित हा प्रश्न आधी विचारत असेल. संगणक उघडण्यापूर्वी ट्रेसिंग पेपरवर हाताने कच्चा आराखडा आणि किमान एक छेद काढा. तासाभरात तो दाखवा. दिशा चुकली असेल तर एक तास जातो, दोन दिवस जात नाहीत. शंका सुचेल तशी उठून विचारू नका, त्या साठवून दिवसातून दोनदा एकत्र विचारा आणि प्रत्येक शंकेसोबत आपल्याला सुचलेले उत्तरही सांगा. प्रत्येक कामाला किती वेळ लागेल याचा अंदाज आधी आणि लागलेला वेळ नंतर लिहून ठेवा. फाइलच्या नावात तारीख आणि आवृत्ती क्रमांक असावा, बाहेर पाठवलेली आवृत्ती कधीही बदलू नये, आणि दुसऱ्याकडून आलेली फाइल उघडताच एक माहीत असलेले अंतर मोजून ती मीटरमध्ये आहे की मिलिमीटरमध्ये हे पाहावे. ड्रॉइंगमधल्या गोष्टी वेगवेगळ्या थरांत ठेवण्याची कार्यालयाची लेयरची पद्धत तुम्हांला वेडीवाकडी वाटली तरी तीच पाळा. तुमची फाइल तुमच्यानंतर दुसरे कोणीतरी उघडणार आहे.

सॉफ्टवेअरच्या प्रश्नाचे सरळ उत्तर असे, की कार्यालयात जे वापरतात तेच खोलवर शिका. दोन नव्या साधनांची वरवरची ओळख होण्यापेक्षा एका साधनात मॉडेल, छपाईची मांडणी, बाहेरून जोडलेल्या फाइली आणि क्षेत्रफळांची यादी हे सगळे विनाअडथळा जमणे कितीतरी उपयोगी पडेल. आराखडे रंगवण्याचे कामही कमी लेखू नका. हम्फ्री रेप्टन हे इंग्लिश उद्यानरचनाकार (१७५२–१८१८) जागेचे चित्र काढून त्यावर उचलता येणारा कागदाचा तुकडा चिकटवत असत. तुकडा खाली असताना जागा आज कशी आहे ते दिसे आणि तो उचलला की प्रस्तावित रूप. माणूस जेथे खरोखर उभा राहणार आहे तेथून, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून ते चित्र काढलेले असे. तुम्ही साइटवर घेतलेल्या क्रमांकित छायाचित्रांपैकी एकावर ट्रेसिंग पेपर ठेवून असे एक चित्र काढून पाहा. रंगवलेल्या आराखड्यात जे खपून जाते ते अशा चित्रात खपत नाही, विशेषतः भिंतींची आणि झुडपांची उंची.

आता वरिष्ठांशी बोलण्याविषयी. मला चांगले काम द्या, अशी विनंती करू नका. तिला कोणी काय उत्तर देणार? त्याऐवजी नेमके मागा : अमुक कामातल्या प्रवेशाच्या पायऱ्या आणि त्यालगतचा वाफा यांची मोजणी, पातळ्या, ड्रॉइंग, वनस्पतींची यादी आणि साइटवरची आखणी मी तुमच्या देखरेखीखाली करू का, आणि बाकीची कामे ठरल्या वेळेत देईन. लाल खुणांची वही सोबत न्या. स्वतःच्या चुकांचा हिशोब ठेवणाऱ्या माणसावर लहान जबाबदारी टाकायला बहुतेक वरिष्ठ तयार होतात. नकार आलाच, तर बांधून झालेल्या एखाद्या कामाचे ड्रॉइंग मागून घ्या, ते घेऊन त्या जागेवर जा आणि कागदावरचे आणि जमिनीवरचे कोठे जुळत नाही ते मोजून आणा. त्या न जुळण्याची कारणे विचारायला बसाल तेव्हा तुमच्याशी होणारे बोलणे निराळे असेल.

चार महिन्यांनी पोर्टफोलिओत हे काम मांडताना आधी कार्यालयाची परवानगी घ्या आणि त्या कामात तुम्ही स्वतः काय केले ते प्रत्येक पानावर स्पष्ट लिहा. त्यात लाल खुणा असलेला पहिला कागद, दुरुस्त केलेले ड्रॉइंग आणि त्याच कोनातून घेतलेले बांधलेल्या पायऱ्यांचे छायाचित्र शेजारी शेजारी ठेवा. मुलाखतीला बसलो की मी स्वतः तेच पान सर्वांत जास्त वेळ पाहतो.